वारसा ठरण्याआधीच भंगार : कासूच्या रस्त्यावरून जुन्या मोटारींकडे पाहताना

१/
मुंबईच्या ताडदेव परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी एका काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंद झाली. त्यानंतर मुंबईत पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद झाली नाही. या शहरात टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. ती मर्यादा भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्याआधी सहा आठवडे, १५ सप्टेंबरला, बेस्टची शेवटची जुनी डिझेल दुमजली बसही सेवेतून गेली होती.

२/
त्या दिवसांत निरोपाचे लेख आले, छायाचित्रे झळकली. सरकारने किमान एक तरी पद्मिनी जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली. मागणी साधी होती. तिच्या पोटातले प्रश्न मात्र साधे नाहीत. मोटारगाडी वारसा केव्हा ठरते? कोणाच्या मोटारीला वारसा म्हणायचे? आणि वारसा ठरण्याचा दिवस उजाडेपर्यंत तिला चालती कोण ठेवतो? हा धागा या तीन प्रश्नांचा आहे.

३/
या धाग्याचे म्हणणे आरंभीच सांगितलेले बरे. जुन्या मोटारी जपण्याच्या छंदाकडे आपल्याकडे श्रीमंतांची हौस म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ते इतिहास-संवर्धनाचेच काम आहे. या इतिहासात आज सर्वाधिक धोक्यात आहे ती राजेरजवाड्यांची मोटार नसून मध्यमवर्गाची, टॅक्सीवाल्याची, दवाखान्याच्या दारात उभी असणारी सामान्य गाडी आहे. आणि तिला धोका केवळ काळाचा नाही, नियमांतील एका दरीचाही आहे.

४/
हे पाहण्यासाठी मुंबईपेक्षा कासू हे ठिकाण अधिक सोयीचे. रायगड जिल्ह्यात पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान हे गाव आहे. मुंबई-गोवा महामार्ग येथून जातो. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर कासू नावाचे स्थानकही आहे. मोटारींच्या इतिहासात या गावाचे नाव कोणी घेणार नाही. तरीही जुन्या गाडीचे भवितव्य ठरवणाऱ्या तीन गोष्टी येथे एकत्र येतात : रस्ता, हवामान आणि जवळच पेणला असलेले परिवहन कार्यालय.

५/
आधी गाड्यांचा थोडा इतिहास. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना उभारला. सुटे भाग परदेशातून येत, येथे केवळ गाडी जोडली जाई. संपूर्ण मोटार भारतात घडवण्याचा ध्यास घेतला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही क्षेत्रांत उतरलेला हा उद्योजक. युद्धकाळात ब्रिटिश सरकारने मोटार कारखान्याला पाठबळ दिले नाही. तरी १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली.

६/
कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. आरंभी क्रायस्लर या अमेरिकन कंपनीशी करार होता, त्यामुळे डॉज, प्लिमथ, डिसोटो ही नावे येथे रुळली. पुढे इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले. दरम्यान, १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले की, ज्यांच्याकडे भारतात उत्पादन करण्याची योजना नाही, त्या केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्सने शिवडीचे काम थांबवले.

७/
मराठी माणसाची खरी ओळख झाली ती फियाट ११०० शी. पन्नाशीच्या दशकातील तिच्या पहिल्या रूपाला रस्त्यावर नाव पडले ‘डुक्कर फियाट’. फुगीर अंग, पुढे काढलेले नाक, आणि पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले, म्हणजे आजच्या गाडीच्या उलट उघडणारे. हे नाव कोणत्याही कंपनीच्या पत्रकात नव्हते. लोकांनीच ते ठेवले आणि आजही जुन्या गाड्यांचे जाणकार त्याच नावाने तो प्रकार ओळखतात.

८/
१९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर हीच गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागे पाट्याच्या स्प्रिंगा. इटलीने ही रचना साठच्या दशकातच मागे टाकली. कुर्ल्यात ती विसावे शतक संपेपर्यंत तयार होत राहिली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि खासगी गिऱ्हाईक हळूहळू तिकडे वळले. टॅक्सीवाले मात्र पद्मिनीशी एकनिष्ठ राहिले.

९/
एकच रचना इतकी वर्षे चालली, याला मागासलेपण म्हणता येईल. परवाना-राज्यात स्पर्धा नव्हती, गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, आयातीची दारे बंद होती. परंतु याच बंदिस्तपणातून एक विद्या जन्माला आली. गाडी बदलणे शक्य नव्हते, म्हणून ती दुरुस्त करणे भाग होते. एका गाडीचा भाग दुसरीला बसे. एक मिस्त्री आयुष्यभर एकच इंजिन हाताळी आणि ते त्याच्या बोटांना पाठ होई.

१०/
ही विद्या शहरापुरती राहिली नाही. ती रस्त्यांच्या कडेने पसरली. कोकणातील मोटार-रस्त्याचा इतिहास खाड्यांशी बांधलेला आहे. एकेकाळी मुंबईहून बोटीने धरमतरला उतरायचे आणि तेथून पुढचा रस्ता धरायचा, असा प्रवास असे. पूल झाले, मुंबई ते गोवा सलग महामार्ग झाला आणि पेण, वडखळ, कासू, नागोठणे, कोलाड ही नावे प्रवाशांच्या तोंडी बसली. रोह्यापर्यंत रेल्वे आली ती ऐंशीच्या दशकात. तोवर या पट्ट्याचा मोठा भार रस्त्यानेच वाहिला.

११/
अशा रस्त्यावर गाडी बंद पडली तर कंपनीचे सेवा केंद्र नसते. नाक्यावरचे गॅरेज असते. इंजिन तापले की रेडिएटरचे झाकण केव्हा उघडायचे, पेट्रोलपंपाचा पडदा फाटला तर पुढच्या गावापर्यंत कसे जायचे, पॉइंट जळले तर कानशीने घासून फट किती ठेवायची, हे ज्ञान छापील पुस्तकात थोडे आणि मिस्त्रीच्या हातात अधिक असे. महामार्गाचा इतिहास लिहिताना पूल आणि घाट यांच्या नोंदी होतात. रस्ता वाहता ठेवणाऱ्या या कारागिराची नोंद कोणी केलेली दिसत नाही.

१२/
आता कासूची दुसरी गोष्ट : हवा. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाडी जवळ, हवेत मीठ, चार महिने ओल. लोखंडाच्या पत्र्याला याहून मोठा वैरी नाही. आणि फियाट ११०० ची बांधणी अशी की, तिला वेगळी चौकट नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या आणि वरचे शरीर हे सारे एकसंध असून तेच गाडीचा भार पेलते. म्हणजे तळ गंजला की केवळ शोभा जात नाही, गाडीचा कणाच जातो.

१३/
गंजाचे खोटे आणि खरे असे दोन उपचार आहेत. खोटा उपचार म्हणजे भोकावर लांबी भरायची, घासून सपाट करायची आणि वर चकचकीत रंग मारायचा. दोन पावसाळ्यांत तो रंग फुगतो. खरा उपचार कष्टाचा. कुजलेला पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापायचा, त्याच वळणाचा नवा तुकडा हातोडी आणि ठोकळ्यावर घडवायचा, जोड देऊन घासायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा आणि तळाला संरक्षक लेप लावायचा. पाणी जाण्याची मूळ भोके मोकळी ठेवायची, हे सर्वांत महत्त्वाचे. कोकणात जुनी गाडी टिकते ती या शेवटच्या भोकांच्या काळजीमुळे.

१४/
अलीकडे यात इंधनाची भर पडली. देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सर्वसामान्य झाले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील गॅस्केटे त्यासाठी बनलेली नव्हती. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकी आतून गंजते. उपाय आहेत : इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, टाकीची नियमित सफाई, आणि गाडी थोडी तरी चालवत राहणे. परंतु हे सांगणारा जाणकार हवा आणि तो दुर्मीळ होत चालला आहे.

१५/
येथे दुसरे दृश्य समोर ठेवावेसे वाटते. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपती घराण्याची जर्मन बनावटीची मेबॅक मोटार सोहळ्यात सामील होते आणि ती पाहायला गर्दी लोटते. अहमदाबादजवळ प्राणलाल भोगीलाल यांनी जमवलेल्या मोटारींचे संग्रहालय आहे. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबच्या मिरवणुकी निघतात. दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्राची जुन्या मोटारींची फेरी १९६४ पासूनची. या साऱ्यांनी फार मोलाचे काम केले आहे, यात शंका नाही.

१६/
तरीही या प्रदर्शनांतून उभे राहणारे चित्र एकांगी आहे. गडांवर केवळ राजवाड्याचा चौथरा जपावा आणि पहारेकऱ्यांच्या देवड्या, पाण्याची टाकी, अंबरखाना यांकडे पाठ फिरवावी, तसे हे होते. गडकोटांच्या वाटा तुडवणाऱ्या तरुणांना या चुकीचा अर्थ सांगावा लागणार नाही. अवचितगडावर किंवा सुरगडावर गेलेला अभ्यासक टाक्याच्या खोदाईवरूनही बरेच काही वाचतो. मोटारींच्या बाबतीत मात्र आपण अजून चौथऱ्यापाशीच थांबलो आहोत.

१७/
भाषेने यापेक्षा अधिक जपले आहे. ‘टेंपो’ हा शब्द आज मराठीत सामान्यनाम आहे. त्याचे मूळ जर्मनीतील एका कंपनीच्या तीनचाकी गाडीच्या नावात आहे. फिरोदियांच्या बजाज टेंपोने ती गाडी येथे आणली आणि भाजीपासून वऱ्हाडापर्यंत सर्व काही वाहिले. गाडी गेली, शब्द उरला. पुढच्या पिढीने ‘टेंपो म्हणजे मूळचा कोणता?’ असे विचारले तर दाखवायला चालता नमुना किती ठिकाणी मिळेल, हा प्रश्न संग्रहालयांनी स्वतःला विचारायला हवा.

१८/
गाडी जपायची म्हणजे नेमके काय करायचे? मराठीत तीन शब्द आहेत : दुरुस्ती, जीर्णोद्धार आणि संवर्धन. दुरुस्ती म्हणजे चालती करणे. जीर्णोद्धार म्हणजे मोडकळीस आलेले पुन्हा उभे करणे. संवर्धन म्हणजे जे मूळ उरले आहे ते शक्य तितके तसेच राखणे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या देवळांच्या काळ्या दगडावर तैलरंग फासला गेला, गाभाऱ्यात चकचकीत फरश्या बसल्या, हे इतिहासप्रेमींचे जुने दुःख आहे. मोटारींचेही तेच होते.

१९/
डुक्कर फियाटला आजच्या धातुछटेचा रंग, मिश्रधातूची रुंद चाके, आत नवे कातडे आणि बॉनेटखाली दुसऱ्याच गाडीचे इंजिन. अशी गाडी लग्नाच्या वरातीत शोभते. ऐतिहासिक पुरावा म्हणून तिचे मूल्य फार घटलेले असते. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, म्हणजे फिवाची, ‘ट्यूरिन सनद’ हेच सांगते : हस्तक्षेप कमीत कमी असावा, केलेला बदल नोंदवलेला असावा आणि गाडीच्या आयुष्यातील खुणा पुसून टाकू नयेत. सनदेला ज्या शहराचे नाव आहे, त्याच शहरात १८९९ मध्ये फियाटचा जन्म झाला, हा सुरेख योगायोग.

२०/
खुणा म्हणजे काय, याचे एक उदाहरण पुरे. टॅक्सी म्हणून धावलेल्या पद्मिनीला मीटर बसवल्याची जागा असते, छतावर सामानाचा कठडा असतो, चालकाच्या बाजूला पाय ठेवून झिजलेला पत्रा असतो. ती गाडी खासगी मोटारीसारखी ‘सुंदर’ केली की तिचे चरित्र पुसले गेले. तिच्यात बसून इस्पितळात गेलेली, स्थानकावर उतरलेली माणसे त्या झिजलेल्या पत्र्यातच उरलेली असतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला रंगापेक्षा ही झीज अधिक बोलकी वाटायला हवी.

२१/
आता तिसरी गोष्ट : कायदा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले आणि चौकट, शरीर, इंजिन यांत मोठे फेरबदल न झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ ही खास अक्षरे मिळतात. आधीच नोंद असलेल्या वाहनाला जुना क्रमांक राखता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वा व्यावसायिक वापराला चालत नाही. प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

२२/
हा नियम चांगला आहे. जुना क्रमांक राखण्याची सोय तर फार शहाणपणाची, कारण क्रमांकाची पाटी हा स्वतःच एक दस्तऐवज आहे. अडचण आहे ती पन्नास वर्षांच्या अलीकडे. कासूच्या एखाद्या पडवीत १९९० साली पेणच्या कार्यालयात ‘एमएच ०६’ क्रमांकाने नोंदलेली पद्मिनी उभी आहे, अशी कल्पना करावी. पंधरा वर्षांची पहिली मुदत २००५ मध्ये संपली. त्यानंतर दर पाच वर्षांनी योग्यता तपासून नूतनीकरण : २००५, २०१०, २०१५, २०२०, २०२५, २०३० आणि २०३५. व्हिंटेजचा मान मिळणार २०४० मध्ये.

२३/
म्हणजे वारसा ठरण्याआधी या गाडीने सात वेळा परीक्षा द्यायची. दर वेळी शुल्क, पर्यावरण कर, विमा आणि पेणची फेरी. वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये झाले. दुसरीकडे, गाडी भंगारात काढल्यास नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. एका हाताला दंडासारखा खर्च आणि दुसऱ्या हाताला बक्षीस. अशा वेळी पडवीतली पद्मिनी २०४० पर्यंत तग धरेल, अशी आशा कोणत्या हिशेबावर ठेवायची?

२४/
श्रीमंत संग्राहकाला हा खर्च जाणवत नाही, म्हणून त्याच्या गाड्या उरतात. सामान्य घरातील गाडी मधल्या पंचवीस-तीस वर्षांत भंगाराच्या काट्यावर जाते. सरकारी वाहनांची तर बाबच वेगळी : १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची, राज्य परिवहनच्या बसगाड्यांसह, नोंदणी पुढे चालू राहत नाही. तहसीलदाराची जीप आणि गावोगावची लाल एसटी यांच्याविना विसाव्या शतकातील ग्रामीण महाराष्ट्र समजून घेता येईल काय? नियमाने वारशाची व्याख्या केली खरी. त्या व्याख्येपर्यंत पोहोचण्याची वाट मात्र श्रीमंतांपुरतीच रुंद ठेवली.

२५/
विरोधी बाजूचे आक्षेप हलके नाहीत. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनातून निघणारा धूर आजच्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक घातक असतो. पद्मिनीत हवेच्या पिशव्या नाहीत आणि धडक झाल्यास आघात पचवणारी आजची रचनाही नाही. दररोज हजारो जुन्या गाड्या रस्त्यावर धावाव्यात, असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. दिल्ली परिसरात पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षांची आणि डिझेलच्या गाडीला दहा वर्षांची मर्यादा घातली गेली, तिच्यामागची चिंता खरीच होती.

२६/
म्हणूनच उपाय ‘सर्व जुन्या गाड्यांना मोकळीक’ हा असू शकत नाही. रोजचा वापर आणि जतन यांत भेद करणे, हा आहे. फिवाच्या व्याख्येत तीस वर्षे पूर्ण केलेले, मूळ रूपात राखलेले आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरलेले वाहन ऐतिहासिक मानले जाते. जर्मनीत तीस वर्षांनंतर अशा वाहनाला खास क्रमांकपट्टी मिळते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर रस्ता-करातून सूट असते. वर्षातून मोजके दिवस चालणारी गाडी किती धूर सोडणार? तिचे अंतर मर्यादित करावे, तपासणी कडक ठेवावी आणि शुल्क माफक ठेवावे.

२७/
महाराष्ट्रापुरत्या तीन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. तीस ते पन्नास वर्षे वयाच्या, मूळ रूपातील वाहनांसाठी मर्यादित वापराचा मधला वर्ग असावा. यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा. परिवहन कार्यालयांतील जुन्या नोंदवह्या रद्दीत न घालता पुराभिलेखागाराकडे सोपवाव्यात, कारण कोणत्या गावात पहिली मोटार केव्हा आली, हे त्यांतूनच कळेल. आणि बेस्टचे आणिक आगारातील संग्रहालय जसे आहे, तसे सामान्य वाहनांसाठी एक सार्वजनिक दालन असावे. त्यात पद्मिनी, टेंपो आणि एसटी चालत्या स्थितीत असावी.

२८/
चालत्या स्थितीत हा शब्द मुद्दाम वापरला आहे. काचेआड उभी मूर्ती पाहून गाडी कळत नाही. तिचा आवाज, थंड सकाळी चोक ओढून ती सुरू करण्याची रीत, स्टिअरिंगवरचा गिअर टाकतानाचा मनगटाचा झोक, हे सारे त्या इतिहासाचे अंग आहे. त्यासाठी मिस्त्री हवा. आज फेऱ्यांतील चषक मालकाच्या नावे जातो. ज्याने कुजलेला तळ पुन्हा घडवला, त्याचे नाव फलकावर क्वचितच दिसते. जतन केलेल्या प्रत्येक गाडीच्या नोंदपुस्तकात कारागिराचे नाव लिहिणे सक्तीचे करावे. त्याला एक पैसाही लागत नाही.

२९/
तरुण इतिहासप्रेमींना यात मोठे काम आहे आणि त्यासाठी स्वतःची मोटार असण्याची गरज नाही. आपल्या तालुक्यातील जुन्या गॅरेजांची यादी करावी. वयोवृद्ध मिस्त्रींच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. त्यांच्या हत्यारांची नावे, भागांना पडलेली बोलीतील नावे, त्यांचे गुरू कोण हे विचारावे. कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरील किंवा चोर बाजारातील जुन्या सुट्या भागांच्या दुकानदारांशी बोलावे. घरातील जुनी नोंदणी-पुस्तके, गाडीच्या पावत्या आणि गाडीसमोर उभे राहून काढलेली कुटुंबाची छायाचित्रे तारीख घालून जपावीत.

३०/
नागोठण्याजवळ सोळाव्या शतकातील एक दगडी पूल आहे. इतिहासप्रेमी तो आवर्जून पाहायला जातात आणि ते योग्यच आहे. पण त्या पुलावरून गेलेली बैलगाडी, पालखी, तांडे यांतले आपल्या हाती काय उरले? मार्ग राहिले, वाहने गेली. मोटारयुगाच्या बाबतीत ही चूक टाळता येईल, कारण त्यातील पुष्कळ गाड्या अजून पडव्यांत, गोठ्यांशेजारी, ताडपत्रीखाली उभ्या आहेत आणि त्या दुरुस्त करणारे हातही अजून आहेत.

३१/
कासूवरून जाणारा महामार्ग रुंदावतो आहे. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे काम २०११ पासून गाजते आहे. रस्ता झाला की गाड्या अधिक वेगाने, न थांबता जातील आणि नाक्यावरची आणखी काही गॅरेजे बंद होतील. ते थांबवता येणार नाही. पण त्या गॅरेजांत साठलेले ज्ञान लिहून घेणे आणि त्या ज्ञानावर तगलेल्या काही गाड्या चालत्या ठेवणे, एवढे तरी या पिढीच्या हाती आहे. १९९० ची पद्मिनी २०४० मध्ये पन्नाशीची होईल. तिची योग्यता-तपासणी अजून दोनदा पेणला व्हायची आहे. त्याआधी नियम बदलला, तर ती वारसा म्हणून उरेल.

#इतिहास #मोटारवारसा #रायगड